हे गाडगे घासू नये

मी, वसीला ताहर बूझीद, वय शेहेचाळीस, चित्रकार, राहणार रम्ला, करकना बेटे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. दाखला हवा असल्यास समुद्रापलीकडच्या सफाक्स शहरातल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांनी माझ्या यकृताचा फोटो समोर धरला तेव्हा मी रडले नाही, एक प्रत मागितली. गाठी प्रवाळासारख्या पसरल्या आहेत. चित्र म्हणून त्यात खोट काढता येत नाही.

घर आणि बँकेतली शिल्लक कायद्यानेच माझा भाऊ शाधली याला जाईल. मला त्यासाठी हात हलवावा लागत नाही, हे बरे. पाहुण्यांना तो माझी ओळख करून देई: "बहीण. खेकडे-शिंपले काढते. लग्न राहिलं ना."

मालमत्तेचा एक तृतीयांश भाग मात्र त्याच कायद्याने मी मर्जीने देऊ शकते. त्यात वडिलांकडून मला आलेला समुद्राचा तुकडा बसतो. आमच्याकडे समुद्रही शेतासारखा वाटलेला आहे, बांधाच्या जागी रोवलेल्या खजुराच्या झावळ्या. तो तुकडा मी कोळी हसूनाकाका यांची मुलगी रफीका हिला देते. अट एकच: तळाशी असलेली माझी गाडगी तिने वर काढू नयेत.

या बेटावर ऑक्टोपस धरायला मातीची गाडगी दोरीला बांधून बुडवतात. तो घर समजून आत शिरतो आणि कालवणात निघतो. मी गाडग्यांच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले समुद्रातले जीव कोरले आणि ती दोरीशिवाय बुडवली. पुढे त्यांच्यावर स्पंज, कालवे, चुन्याच्या नळ्या बांधून राहणारे किडे चढत. अर्धे चित्र माझे, अर्धे त्यांचे.

हसूनाकाका होडी वल्हवता वल्हवता म्हणाले होते, "दोरी नाही? म्हणजे त्याला फुकट घर?"

"फुकट कसं, काका? आत-बाहेर रंगकाम करतो तो."

"मग माझ्या घरजावयालाही जरा शिकवायला सांग त्याला."

शास्त्रज्ञ माझ्या कामाला कला म्हणतात, कलावंत शास्त्र म्हणतात. दोघेही बसायला खुर्ची देत नाहीत.

राजधानीतल्या एका प्रदर्शनासाठी मी काही रिकामी झालेली गाडगी वर आणली. निघायच्या आदल्या दिवशी शाधलीच्या बायकोने, नजातवहिनीने, ती ब्लीच टाकून तारेच्या घासणीने माझ्या रेघांसकट लख्ख केली. "शहरात जायचं आणि असली घाणेरडी भांडी? लोक म्हणतील, यांच्या घरात बाई नाही." परीक्षकांनी त्यात रिकामेपणाचे धाडस पाहिले आणि पहिले पारितोषिक दिले. ते पदक मी नजातवहिनीला देते. काम तिचेच होते.

एक गाडगे मात्र माझ्या पलंगाखाली असल्याने वाचले. ते आता खिडकीत आहे. त्यात एका मादीने अंडी लावली होती. ती राखताना तिने काही खाल्ले नाही, आणि पिल्ले बाहेर पडली तेव्हा ती मेली. अंड्यांचे देठ आतल्या छताला अजून चिकटून आहेत, केसांसारखे. मी इतकी वर्षे जे काढू पाहत होते ते हेच, आणि त्यावर माझी एक रेघही नाही; हे एकच गाडगे मी कोरे बुडवले होते. माझ्यानंतर रफीकाने ते आहे तसे समुद्रात ठेवावे.

अडचण अशी की शोकाला माणसे जमण्याआधी वहिनी घर धुणार, आणि रफीकाच्या आधी ती पोचणार. म्हणून तिलाच साक्षीला बोलावले. ती हे डोळ्यांसमोर धरून वाचते आहे.

"म्हणजे त्या दिवशी मी हातावर हात ठेवून बसू?"

"रड की, वहिनी."

"रडेन. रडता रडता फरशी पुसेन."

"फरशी पूस. खिडकी पूस. गाडगं नको."

"धूळ बसेल गं त्याच्यावर."

"बसू दे."

ती उठून खिडकीशी गेली. मग गाडगे उचलून तिने आत डोकावले, आणि विचारले, "काहीच खाल्लं नाही तिनं?"

वर लिहिलेले मी कोणाच्या दबावाखाली न येता, यकृताच्या ऑपरेशनसाठी सफाक्सला जाण्याआधी लिहिले आहे.

ठिकाण: रम्ला. दिनांक: ३ नोव्हेंबर २०१६.

सही: वसीला ताहर बूझीद

साक्षीदार:
१. हसूना बिन अमर, कोळी. गाडगी कुठे आहेत ते मला ठाऊक आहे, पण विकायला मागितली तरी शाधलीला सांगणार नाही.
२. नजात बूझीद. वाचले. घासणार नाही. खिडकी दुसरे कोणी पुसेल, तोवर ते मी स्वतः धरून बसेन.