कॉम्प्रेसर माझंच ऐकतो

३ डिसेंबर, सकाळी ७
संकल्प : २७ तारखेला हिवरा आश्रम गावी जायचंच. आमची अपेक्षा तिथल्या शाळेत, बोर्डिंगला. गॅदरिंगमध्ये पोरगी जिजाऊ होणार आहे. गेली दोन वर्षं जमलं नाही. या वर्षी पहिली रांग. छायाला शब्द दिला. ती "हाव" म्हणाली, पण पोळी लाटणं थांबवलं नाही.

५ डिसेंबर
मी सांभाळतो त्या डेअरीच्या कूलिंग टँकबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो. टाकीच्या पोटात सेन्सर आहे. दूध चार डिग्रीला आलं की पॅनल कॉम्प्रेसर बंद करतं, सहाला चढलं की चालू. एवढं कुणीही शिकेल. पण लाइट जाऊन आली की कॉम्प्रेसर अडून बसतो. तेव्हा मी पॅनलवर हात ठेवून 'जय गजानन' म्हणतो. एकशे आठ वेळा. माळ संपते आणि तो सुरू होतो. पाच महिन्यांत एकदाही चुकलेलं नाही. हे सायन्सच्या पुढचं आहे.

९ डिसेंबर
लाइट सहा वेळा गेली. सहा माळा. जेवण दोनदा अर्धवट. छाया म्हणाली, दुसऱ्या कोणाले शिकवा. म्हटलं, हे शिकवून येत नसतं.

१४ डिसेंबर
आमच्या डेअरीच्या अध्यक्षा सत्यभामाबाई म्हणाल्या, "इंद्रभानभाऊ, तुमी बिनधास्त जा गॅदरिंगले. टाकी कुठं पळून चालली?" मी नुसता हसलो. हजार लिटर दूध नासलं म्हणजे कळेल. चाळीस घरांचं दूध आहे. खरं सांगायचं तर पाच महिन्यांत मी तालुक्याला, मोताळ्यालासुद्धा गेलेलो नाही. जीव गुदमरतो कधीकधी.

१८ डिसेंबर, दुपारी
जबरदस्त आयडिया. जप मोबाइलमध्ये रेकॉर्ड केला. लाइट आल्यावर लावून दूर उभा राहिलो. चालू झाला! म्हणजे माझा नुसता आवाजही पुरतो.
पण मोबाइल सोडून गेलो आणि चार्जिंग संपलं तर? प्लॅन रद्द.

२१ डिसेंबर
अंघोळीला बसलो आणि लाइट जाऊन आली. अंगावरचा साबण धुऊन टॉवेलवर धावलो. पोचायच्या आतच कॉम्प्रेसर सुरू! घाबरलो. मग लक्षात आलं, धावताना तोंडात नाव होतंच.

२६ डिसेंबर, संध्याकाळी
बॅग भरली. शर्टला इस्त्री. अपेक्षाचा फोन आला, "पप्पा, पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवली हाय." आता ब्रह्मदेव आला तरी थांबत नाही.

२७ डिसेंबर, सकाळी ६.२०
स्टँडवर. गाडी लागली आहे. समोरच्या हॉटेलातला बल्ब विझला. लाइट गेली.

६.४०
डेअरीत. छाया एकटीच गेली. गाडीच्या खिडकीतून तिनं बघितलं नाही. माझी जबाबदारी तिला कळते, म्हणूनच बोलली नसणार.

३० डिसेंबर
टँकचा मेकॅनिक शेखर सर्व्हिसिंगला आला. तेवढ्यात लाइट जाऊन आली. मी पॅनलवर हात ठेवला. तो म्हणाला, "काका, काय करून राह्यले? तीन मिनिटाचा टायमर हाय त्यात. लाइट आल्याबरोबर चालू झाला तं गॅसच्या प्रेशरनं मोटर जळन. म्हून थांबते. मंग आपोआप चालू होते." उद्घाटनाला सगळ्यांसमोर सांगितलं होतं म्हणे. उद्घाटनाला मी शाल पांघरून फोटोत होतो.
सत्यभामाबाईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाल्या, "साऱ्याइले मालूम हाय. तुमाले बरं वाटे, म्हून कोनी बोललं नाही."
घरी छायाला विचारलं, अपेक्षालाही माहीत होतं? म्हणाली, "तिलेबी मालूम व्हतं. तरी खुर्ची धरून ठेवली पोरीनं. शेवटपर्यंत कोनाले बसू देलं नाही."

३१ डिसेंबर
संकल्प : पुढच्या गॅदरिंगला आदल्या दिवशीच जायचं.
खोडला. अपेक्षा दहावीला आहे. पुढच्या वर्षी ती त्या शाळेत नाही.
दुपारी २.०५ ला लाइट गेली. २.२० ला आली. मी घरीच बसून राहिलो, हात मांडीवर ठेवून. डेअरी गल्लीच्या पलीकडेच आहे, सगळं ऐकू येतं. २.२३ ला कॉम्प्रेसर सुरू झाला.