अधांतरी फिरणारा रोटर

प्रिय भुजंग,

साखर कारखान्यात माझ्या जागेवर तू लागलास हे कळलं आणि हसूच आलं. आयटीआयला साधं बेअरिंग ठोकताना अंगठा फोडून घेणारा तू, आता ज्याला ठोकायचं बेअरिंगच नाही असा ब्लोअर सांभाळणार! मग बाजारात तुझ्या प्रभावतीकाकू भेटल्या. म्हणाल्या, "भुजंगनं टेबल त्या मशीनला खेटूनच टाकलंय. आवाजच करत न्हाई म्हणं ती." तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणाऱ्या त्या ब्लोअरचा रोटर मिनिटाला वीस हजार फेरे घेतो आणि कशालाच टेकत नाही. चुंबक त्याला अधांतरी धरतात. तुला वाटेल, कायमचे चुंबक लावले की झालं. पण नुसत्या त्यांच्या भरवशावर तो कुठल्या तरी बाजूला सरकतोच. म्हणून विजेचे चुंबक. रोटर केसभर ढळला की सेन्सरला कळतं आणि ओढ कमीजास्त होते, सेकंदाला हजारो वेळा. काही यंत्रांत दोन्ही असतात, कायमचा चुंबक वजन पेलतो आणि विजेचा तोल राखतो. आपलं यंत्र निव्वळ विजेचं. वीज गेली तर रोटर थांबेपर्यंत बॅटऱ्यांनी त्याला धरायचं. त्या नसल्या तर तो खालच्या राखीव बेअरिंगवर आदळतो, आणि ती मोजकेच दणके सोसते.

हे सगळं पाठ असूनही नवरात्रात मंडपातल्या स्पीकरला मी त्याच बॅटऱ्या दिल्या. खंडेनवमीला यंत्रांची पूजा. फोरमन राधेश्यामभाऊ नारळ घेऊन उभे. "अंगद, मेन बंद कर जल्दी, मुहूर्त चाललाय." दरवर्षीच्या सवयीनं मी मेन खाली ओढला. ब्लोअर हंगामाआधीच्या चाचणीसाठी पूर्ण वेगात होता.

तो किंचाळला रे. ताशाच्या आवाजात बाकी कुणाला कळलं नाही. संध्याकाळी बॅटऱ्या परत बसवल्या, रोटर मुकाट वर उचलला गेला, पडद्यावर सगळं हिरवं. खालचं बेअरिंग फुटलंय की धड आहे, हे वरून दिसतच नाही. खोलून बघायला हवं होतं. नोकरी जाईल या भीतीनं मी रोटर पडल्याची यंत्रातली नोंद पुसली, वहीत 'तपासले, ठीक' लिहिलं. आणि महिन्याभरात, त्या ब्लोअरजवळ उभं राहायचीच भीती वाटायला लागली म्हणून नोकरी सोडली. मला माझीच लाज वाटते.

सोमवारी बॉयलर पेटणार, गाळपाचं सांडपाणी वाढणार आणि सध्या कमी वेगात चाललेला ब्लोअर पुन्हा पूर्ण वेगात जाणार. नऊ दिवस आरत्या वाजवलेल्या बॅटऱ्या किती दम धरतील, सांगता येत नाही. पुढच्या वेळी वीज गेली तर रोटरला झेलायला खाली काही नसेल, आणि त्याचे तुकडे पत्रा फाडून तुझ्या टेबलाकडे येतील. फोनवर सांगितलं असतं तर पुरावा काय, असं साहेबांनी विचारलं असतं. म्हणून सहीनिशी कबुली लिहून माझ्या बहिणीच्या, वंदनाच्या हाती घनसावंगीच्या पहिल्या बसनं पाठवतोय. हा कागद आजच मॅनेजर दीनानाथसाहेबांच्या हातात दे, माझं काय व्हायचं ते होऊ दे. त्यांनी ऐकलं नाही तर नोकरीवर लाथ मार, पण त्या खोलीत पाऊल टाकू नकोस.

तुझाच,
अंगद