रावणाचा रंग

बाबा,

तुमची नात बावीस वर्षांची झाली. ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं होतं, त्यामुळे तुमची तिची भेटच नाही. मध्यंतरी ती कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर रामकुंडावर गेली होती. मैत्रिणीच्या आजोबांचं कार्य होतं आणि तिथल्या गुरुजींनी त्यांच्या घराण्यातल्या कितीतरी पिढ्यांची नावं वाचून दाखवली. घरी आली तेव्हा मी मेथी निवडत होते. ओट्याला टेकून तिनं विचारलं, "आई, आपली नावं कुणाकडे लिहिलेली आहेत?" मी म्हटलं, "कुणाकडेच नाहीत." "मग आपण कोण, हे कुणाला माहीत आहे?" मी मेथीची पुढची जुडी ओढली. पण एक रविवार आठवला.

ओझरचं आपलं क्वार्टर. मी तिसरीत आहे. फॅक्टरीतले, तुमच्या शॉपमधले दोघं चहाला आले आहेत, आई पोहे करतेय, आणि कुणी न विचारता मी सांगते, "आमच्या गावी बोहाडा असतो. मुखवटे घालून सगळे देव नाचतात. माझे बाबा रावण होतात!" एक जण हसतो, "रामाच्या नाशकात रावण घेऊन आलात की राव!" दुसरा जरा निरखून बघतो. "तुम्ही तिकडचे आदिवासी का हो? वाटत नाही." तुम्हीही हसता. ते गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात येता, आवाज न चढवता म्हणता, "घरातलं बाहेर सांगायचं नाही. कुणी विचारलं तर नाशिकचे म्हणायचं." गावी तुम्ही मला पोसी म्हणायचात, आपल्या बोलीतली लेक. ओझरला कधीच नाही. त्या वर्षापासून तुम्ही बोहाड्यात नाचणं, गावी जाणंही सोडलंत आणि मुखवटा धाकट्या काकांच्या डोक्यावर गेला. तुम्हाला आपल्या माणसांची लाज वाटते, असंच मी धरून चालले. तुम्ही गेल्यावरही.

हे सांगितलं, तर तुमच्या नातीनंच हट्टानं काकांना फोन लावायला लावला. काका म्हणाले, "यायचं तर औंदाच या. पुढल्या साली सोंग निघंल का नाय, सांगता नाय येत. गुडघे गेलेत माझे. पोरगा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं गेलाय, तो काय येत नाय. एक साल चुकलं का मान दुसऱ्या घरी जातो."

हरसूलच्या पुढचा रस्ता आता डांबरी आहे, पण शेवटचा चढ तसाच. आम्ही पोचलो तेव्हा काकांनी गोधडीत गुंडाळलेला मुखवटा माळ्यावरून उतरवला आणि अंगणात ठेवला. दहा तोंडांचा, उंबराच्या लाकडाचा, माझ्या आठवणीतल्यापेक्षा कितीतरी जड. लाल रंगाचे पोपडे निघाले होते. मी म्हटलं, "काका, रंग नाही दिलात?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "रंग तुझा बाप द्यायचा. तो गेला, तवापासून कुणी हात नाय लावला."

मला कळेचना. "बाबांनी तर इकडे येणंच सोडलं होतं ना?"

"सोडलं कुठं? दर साली होळीच्या आधी एक रविवार यायचा. सकाळच्या यष्टीनं. नाशकातनं, रविवार कारंज्यावरनं रंग आणायचा, हितंच बसून रंगवायचा, सांजच्या यष्टीनं माघारी. मी म्हणायचो, दादा, र्‍हा की, मान तुझा हाय. तर म्हणायचा, 'एकदा घातला तर मला परत उतरवता नाय यायचा.'"

बाबा, होळीच्या आसपास तुम्ही रविवारचा ओव्हरटाइम करायचात. आई डबा भरून द्यायची. आल्यावर जेवायला बसायचात तेव्हा तुमच्या नखांच्या कडा लाल असायच्या. मी एकदा विचारलंही होतं. "फॅक्टरीतला रंग आहे," म्हणालात आणि वरण वाढून घेतलंत.

तुमची नात तेवढ्यात मुखवट्याशी उकिडवी बसली होती. एका पोपड्याखाली बोट फिरवत म्हणाली, "खाली काळा आहे. त्याच्याही खाली पिवळं काहीतरी." काका म्हणाले, "काळा माझ्या बापानं दिला. पिवळी माती, ती त्याच्या बापाची. त्याच्या आधीचं मला नाय ठावं, पोसी." तिनं सुटलेला पोपडा अंगठ्यानं जागच्या जागी दाबून बसवला.

आपल्या गावात रावण उजाडता उजाडता निघतो, तुम्हाला सांगायला नको. काकांनी मुखवटा चढवला, संबळ सुरू झालं, आणि तेव्हा लक्षात आलं की मागून मुखवट्याची दोरी धरायला कुणी नाही. ते काम त्यांच्या मुलाचं. एवढं वजन एकट्याच्या मानेवर राहत नाही. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. तुमची नात पुढं झाली. कुणीतरी पुटपुटलं, "पोरीनं नाय धरायचं." मुखवट्याच्या आतून काकांचा आवाज आला, "दादाची नात हाय ती. धर गं." तिनं दोरी मनगटाला वेढली. देवळापाशी वळताना काकांचा गुडघा गेला, दहाही तोंडं पुढं झुकली आणि माझ्या तोंडून ओरडा निघाला. तिनं टाचा मातीत रोवल्या आणि सगळं वजन मागं ओढून धरलं. संबळवाला एका जागी वाजवत थांबला. काका उठले. सोंग पार शेवटपर्यंत गेलं.

नंतर घोंगडीवर बसून काकांनी तिचं सोललेलं मनगट बघितलं, त्यावर हळद दाबली. "पुढल्या साली?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. तिला बंगळूरला नोकरी लागली आहे, हे तिनं सांगितलं नाही, मीही नाही. रंग कोण देणार, हेही कुणी काढलं नाही.

परतताना तिनं मुखवट्याशेजारचा स्वतःचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असा टाकला. खाली गावाचं नाव, आपल्या जमातीचं नाव, सगळं लिहिलं. मी वाचलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि तुमच्यापर्यंत ते पोचायची सोयही नाही, म्हणून सांगते. सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "रजा होती ना? कुठे गेला होतात?" माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, बाबा. मी म्हटलं, "इथेच. नाशकातच होते."