पंख्याच्या प्लगवरची रेष

९, शनिवार

गाडी केकाटते! सकाळी किल्ली फिरवली की गल्लीभर ऐकू जाईल अशी. सासऱ्यांनी चहाचा कप खाली न ठेवता निदान केलं — "पट्ट्याच्या पुल्या गेल्यात. दोन्ही." चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. आता आमच्याकडे राहतात, पण कान अजून निवृत्त झालेले नाहीत.

"घरीच बदलू, जावईबापू. डोकं माझं, हात तुमचे."

माझे हात! आधी संस्कृत आणि मग वार्ताहरकी — पोथी आणि लेखणी यापलीकडे त्यांनी काही उचललेलं नाही. हो म्हणालो. हल्ली ते खुशीत आहेत. तांत्रिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे त्यांच्याच जुन्या शिष्याने, शिकवायला बोलावलंय. १८ तारखेच्या सोमवारपासून, आठवड्यातून तीन दिवस.

१०, रविवार

दिवसभर अंगण. पुलीपर्यंत हात जायला जागाच नाही, म्हणून आधी रेडिएटरचा पंखा काढायचा, त्याच्या प्लॅस्टिकच्या चौकटीसकट. सुरुवातीलाच हुकूम — "खिसा रिकामा करा." थोड्या वेळाने पुन्हा — "जावईबापू, खिसा!" पट्टा कुठून कसा फिरतो ते वहीत काढून घ्यायचं होतं, म्हणून पेन राहू दिलं.

वायरीचा प्लग काढला, वरचे दोन बोल्ट सोडले, चौकट सरळ वर उचलली. रेडिएटरच्या जाळीला धक्का लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा. जुनी पुली बोटाने फिरवली तर आतून वाळूसारखा आवाज. नवी फिरवली — काही नाही! "अशी गप्प पाहिजे," सासरे म्हणाले, "जावयासारखी." मी काही बोललो नाही. तेवढ्यानेच त्यांचा मुद्दा सिद्ध झाला.

पंखा परत बसवताना त्यांची जुनी सवय पाहिली. बोल्ट आवळला की बोल्ट आणि चौकट दोन्हींवरून एक बारीक पांढऱ्या रंगाची रेष. प्लग चट् करून लावला, त्याच्या दोन्ही अर्ध्यांवरूनही रेष. "मी हे पुरं केलंय, याची सही. मध्ये कोणी उघडलं तर रेष बोलते."

चारला ते पडायला गेले. मला पेन सापडेना. वाकून पाहतो तो — पंख्याच्या चौकटीत, खाली! दोनदा बजावलेलं. कुठल्या तोंडाने उठवू? गुपचूप बोल्ट सोडले, प्लग काढला, पेन मिळालं. बोल्ट आवळत होतो, तेवढ्यात कचेरीचा फोन.

गाडी सुरू केली. मांजरासारखी गुरगुरते. याच पेनने लिहितोय.

१२, मंगळवार

गाडी उकळली. रस्त्याच्या मध्यावर.

ही तिच्या बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. येताना कोंडी. काटा लालमध्ये, मग वाफच वाफ, मागे भोंगे. बाबांनी बॉनेटचं झाकण उघडलं, तर पंखा फिरतच नव्हता, प्लग लोंबत होता. डोळ्यांत डॉक्टरचे थेंब, तरी त्यांनीच चाचपून लावला. मनगट भाजलं, रुपयाएवढा फोड.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, "माझ्या हातून राहिला."

मी दारात उभा होतो. फोन आला होता, बोल्ट आवळले होते, प्लग... सगळं एका क्षणात आठवलं. तोंडातून निघालं ते — "पाणी देऊ का, बाबा?"

१३, बुधवार

ते जेवताना — "डॉक्टर म्हणाला डोळे उत्तम. म्हणजे डोकंच गेलं."

ही — "बाबा, आता पुरे झालं. हत्यारांना हात लावायचा नाही."

मी वाटीत बघत होतो. वाटीत काही नव्हतं.

दुपारी कचेरीत कालच्या बातमीची दुरुस्ती लिहिली. वाचकांची दिलगिरी वगैरे. सहा मिनिटं लागली. दुसऱ्यांच्या चुका मी फार सुबक मान्य करतो.

१४, गुरुवार

त्यांनी मुख्याध्यापकांना फोन केला. मी शेजारच्या खोलीत होतो, वर्तमानपत्र उलटं धरून. "नको रे बाबा. पंख्याचा प्लग विसरणारा माणूस पोरांना काय शिकवणार?" पलीकडचा बराच बोलत असावा. शेवटी हे — "बरं, सोमवारपर्यंत थांब. पण माझं उत्तर तेच."

मग पान्यांची पेटी कपाटाखाली ढकलली. फरशीवर ती किती वेळ घासत गेली!

रात्रीच्या जेवणाआधी अंगणात गेलो. रेष आहे — प्लगवर, दोन्ही अर्ध्यांवर, अगदी जुळणारी. प्लग लावल्याशिवाय ती तशी काढताच येत नाही. बोल्टांवरची मात्र तुटलेली, टोकं इकडची तिकडे. बाबांनी नुसता चष्मा लावून एकदा पाहिलं तरी पुरे. पण ते आता गाडीकडे पाहतच नाहीत.

माझ्या हातात पेट्रोलची चिंधी होती. रेष पुसली नाही. पुसायला गेलो होतो, एवढं मात्र इथे लिहून ठेवतो.

१५, शुक्रवार

सांगितलं! सकाळी, चहाच्या वेळी, एका दमात. पेन, बोल्ट, फोन, सगळं.

बाबांनी कप ठेवला. डोळ्यांत पाणी. "जावईबापू, सज्जन आहात. म्हाताऱ्याचं मन राखायला स्वतःवर घेताय." माझा हात हातात घेतला, फोड असलेल्या हाताने.

"अहो बाबा, खरंच —"

"पुरे. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

संध्याकाळी ही फार गोड बोलली. लग्नानंतर पहिल्या वर्षी बोलायची तशी. "बाबांसाठी किती करता तुम्ही!" त्यावर मी काय म्हणालो? काही नाही. पुलीसारखा गप्प. आणि खरं सांगायचं तर, ऐकायला बरं वाटलं. हे मला चिंधीपेक्षा जास्त टोचतंय.

१६, शनिवार

दिवसभर संत. मला न मागता दुसरा चहा मिळाला. प्यायलो.

१७, रविवार

सकाळी चष्मा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. "बाबा, अंगणात चला."

"गाडीचं नाव काढू नका."

"नाव नाही काढत. चला."

झाकण उघडलं. त्यांनी नाइलाजाने चष्मा लावला. बोल्टांवर वाकले. मग प्लगवर. नखाने रेष तपासली — या अर्ध्यावरून त्या अर्ध्यावर, पुन्हा परत.

"काय पडलं होतं म्हणालात?"

"पेन."

"खिसा रिकामा करा म्हणालो होतो."

"दोनदा."

ही दारात उभी होती. सगळं ऐकलं. आत गेली, आणि आतून भांड्यांचा आवाज आला. दुसरा चहा संपला, हे मला लगेच कळलं.

बाबांनी झाकण लावलं, हात पुसले, आत गेले. थोड्या वेळाने फरशीवर पेटी घासल्याचा आवाज — या वेळी बाहेरच्या दिशेने.

माझ्याशी दिवसभर एक शब्द नाही.

१८, सोमवार

सातला बाबा दारात. स्वच्छ सदरा, हातात पेटी. बावीस वर्षं मला "जावईबापू, तुम्ही" म्हणणारा माणूस —

"ए, किल्ली घे. शाळेपर्यंत गाडी तू चालव. आणि वर्गात बस, तुला गरज आहे. आधी खिसा रिकामा कर!"

केला. हे शेवटच्या बाकावरून, शेजारच्या पोराकडून मागून घेतलेल्या पेन्सिलीने लिहितोय.