मागं राह्यलेल्यांची ओळ

३ मे, शनिवार

काय पण अट! चेन्नईच्या संगीत कॉलेजले तीन व्हिडिओ पाहिजे. दोन क्लासिकल. ते मी डोळे मिटून वाजवते. तिसरा म्हणे, "तुमच्या घरचं, कधी कागदावर न उतरलेलं गाणं." पियानोवर!

इतकी वर्षं दर रविवारी दिग्रसहून एसटीनं नागपूरले मॅडमकडे शिकाले गेली. कागदावर नाही ते मले वाजवताच येत नाही. लग्नात बँड सुरू झाला का कानात बोटं घालणारी पोरगी मी. मॅडमले फोन केला तर हसल्या — "तुझे कान मीच बंद केले की काय गं?" मले नाही हसू आलं. जागा भेटली नाही तर इथंच लेकराइले वाढदिवसाचं गाणं शिकवत म्हातारी होईन मी.

५ मे

मायले, म्हणजे आमच्या याडीले, विचारलं. भाकर थापता थापता म्हणे, "ढावलो वाजव न."

ढावलो म्हणजे आमच्या बंजाऱ्याइचं नवरीचं रडगाणं. निघताना मायच्या गळ्यात पडून गाते ते. मी नाक मुरडलं. तिनं गायले सुरुवात केली अन् माझा घास हातातच राह्यला. बाप्पा! सूर पट्ट्याइच्या मधात कुठं तरी पडते — काळीवरही नाही, पांढरीवरही नाही. मले इतक्या वर्षांत हे ऐकूच कसं नाही आलं?

शेवटी मात्र ती मधातच थांबली.

"पुढं?"

"पुढची ओळ मागं राह्यलेले लोकं गाते. पोरगी तांड्याबाहेर गेली का मंग. जाणारीनं नाही गावं."

"काहून?"

"आपल्या घरची रीतच हाय तशी. तिनंच गाऊन टाकली तर ती गेली. मंग काई उरत नाही तिचं इथं."

ती ओळ काही तिनं सांगतली नाही.

८ मे

भल्लं ऊन. पियानोखाली गंजभर पाणी ठेवलं, नाही तर लाकूड तडकते. दुपारभर ढावलो. आवडून राह्यला मले! खोटं कायले लिहू. डाव्या हातात एकच सूर धरून ठेवायचा, उजवा रडते. पण ते अर्धवट टोक काही सहन होईना. मॅडमनं हाताइले एकच वळण लावलं — कितीही हिंडा, शेवटी मूळ सुरावर घरी या. मी टोक बांधलं. छोटीशी ओळ, माझ्याच मनानं केलेली. काय सुरेख बसली! व्हिडिओ केला अन् पाठवून दिला.

उठली तर दारात याडी. तोंड पांढरंफटक.

"शेवटलं तुले कोनं सांगतलं?"

"कोनीच नाही. मीच केलं. कॉलेजवाल्याइले अर्धं कसं पाठवू?"

"तेच हाय ते," म्हणे. "तीच ओळ."

मंग पदर डोळ्याले लावला अन् माझ्या कपाळावरून हात फिरवला, पाठवणीच्या वेळी फिरवतात तसा.

९ मे

जेवताना तीनच ताटं. "याडी, माझं?" — "हो वं बाई!" जीभ चावली तिनं, धावत उठली. सगळे हसलो.

११ मे

आजही तीनच. कोनी हसलं नाही.

कपिलदादानं माझी गादी गुंडाळून माळ्यावर टाकली. विचारलं तर डोकं खाजवत म्हणे, "मले वाटलं, तू गेली." कुठं गेली? त्याले सांगता नाही आलं. संध्याकाळी बापू कापसाच्या जिनिंगमधून आले, माझ्या खोलीचं दार ओढलं, बाहेरून कडी घातली. मी आत बसली होती! दिवा सुरू होता! ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा दादानं उघडलं, अन् माझ्या आरपार पाहत म्हणे, "वारं हाय वाटते."

१३ मे

याडी शेजारच्या वच्छलाकाकूले ओट्यावर सांगून राह्यली, "घर खायले उठते वं, पोरगी गेल्यापासून." मी बाजूलेच लसूण सोलत बसली होती. दंडाले धरून हलवलं तिले — याडी, मी हाय न! तिनं पाह्यलं. लय मायेनं पाह्यलं, पण भिंतीवरच्या फोटोकडे पाहतात तसं.

भेव वाटते मले. जायचं होतं, हो. लय जायचं होतं. पण सुट्टीत एसटीतून उतरलं का याडी दारात उभी असन, हे धरूनच तर जायचं होतं!

१४ मे

अर्ज परत घेते म्हणून कॉलेजले मेल केला. जातच नाही. मेल गेला का नाही, समजत नाही.

१६ मे

आज ढावलो पुन्हा वाजवला. शेवटली ओळ सोडून. रीत मोडली ती सांधली जाईन, अशा आशेनं. हात मधातच उचलला अन् थांबली. सहन होत नव्हतं, तरी थांबली.

स्वयंपाकघरातून याडीनं ओळ पुरी केली. मोकळ्या गळ्यानं.

२० मे

दुपारी याडीचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला अन् कित्येक दिवसांनी तोंडभर हसली. फोनमधून माझा आवाज आला — माझाच!

"याडी, जागा भेटली वं. खोली चांगली हाय. जेवली का तू?"

मी दोन्ही हात पियानोवर आपटले. सगळ्या पट्ट्या, जितक्या दबतीन तितक्या.

"मागून काय वाजून राह्यलं वं, याडी?"

"काई नाही बाई. तुई खोली तर बंदच हाय."