नगरभवनाच्या सिंहाची नजर

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
नगरभवन देखभाल विभाग,
तळमजला, जिन्यामागील खोली.

विषय: मुख्य दरवाजावरील मानचिन्हातील सिंहाची नजर आमच्या जेवणाच्या टेबलावरून हटवण्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) दरवाजाशेजारील पितळी फलक, तिसरी सुधारित आवृत्ती.

महोदय,

१. राज्ये येतात आणि जातात, परंतु दगडात कोरलेला सिंह ज्या दिशेला पाहतो त्या दिशेला इतिहास वळतो. आपल्या नगरभवनाचा सिंह सध्या आमच्या जेवणाच्या टेबलाकडे पाहत आहे. तेथे इतिहासाने वळावे असे काही घडत नाही, हे मी जबाबदारीने नमूद करतो. भाजीत मीठ कमी आहे की जास्त, एवढीच चर्चा तेथे होत असे. आता तीही होत नाही, कारण पत्नी तेथे बसत नाही. प्रस्तुत अर्ज त्याबद्दल आहे.

२. पूर्वपीठिका अशी. दरवाजावर मधोमध ढाल असून तीवर किल्ली व होडी कोरलेली आहे. ढालीच्या एका बाजूस सिंह व दुसऱ्या बाजूस हरीण, दोघेही ढालीकडे तोंड करून, पुढच्या पायांनी ती धरून उभे असत. याचा अर्थ आजवर कोणी विचारला नव्हता. बघणाऱ्याला एवढेच वाटे, की दोघांनी मिळून काहीतरी जड धरले आहे आणि खाली ठेवायला कोणी सांगत नाही. आमचे लग्न याच इमारतीत नोंदवले गेले. पायरीवरच्या फोटोत आमच्या डोक्यावर दोन्ही प्राणी एकमेकांकडे बघताना स्पष्ट दिसतात. आम्ही दोघे फोटोग्राफरकडे बघतो आहोत.

३. गेल्या उन्हाळ्यात आपल्या विभागाने हे दगड धुण्यासाठी खाली उतरवले. कोणता दगड कुठला हे विसरू नये म्हणून प्रत्येकावर खडूने आकडा घातला. त्यानंतर ते धुतले. धुलाई उत्तम झाली, याबद्दल दुमत नाही. परत बसवताना सिंह हरणाच्या जागी आणि हरीण सिंहाच्या जागी गेले. त्यामुळे दोघेही आता ढालीकडे पाठ करून उभे आहेत आणि ढाल धरणारे पाय हवेत पसरलेले आहेत. हरणाचे पाय कर कार्यालयाच्या भिंतीकडे आहेत. भिंतीची तक्रार नाही. सिंहाचे पाय आमच्या खिडकीकडे आहेत, आणि ताट पुढे केले तर तो घेईल असा एकंदर आविर्भाव आहे.

४. मी आयुष्यभर चष्म्याचे दुकान चालवले. कोणाला दिसते आणि कोण नुसता बघतो, हे मला समजते. या सिंहाला दिसते.

५. माझ्या पहिल्या अर्जावर आपल्या लिपिकांनी समजावले, ‘‘काका, काम पूर्ण झाल्याचा दाखला निघालाय. आता सिंह चुकीचा असूच शकत नाही. अर्थ मात्र बदलून मिळेल.’’ त्याप्रमाणे पितळी फलक लागला: ‘‘सिंह व हरीण यांनी ढालीकडे पाठ केली आहे, कारण प्रशासन स्वतःकडे न पाहता जनतेकडे पाहते.’’ मी दुसरा अर्ज केला, की जनता मोठी आहे, आमचे टेबल लहान आहे, तरी तो नेमका आमच्या ताटात बघतो. आपण तत्परतेने फलक सुधारला: ‘‘सिंहाची दृष्टी प्रत्येक नागरिकाच्या ताटापर्यंत पोहोचते.’’ खाली बारीक अक्षरांत: ‘‘उदाहरणार्थ पाहा, सिंहासमोरील इमारत, दुसरा मजला.’’

६. तेव्हापासून सहली येतात. मार्गदर्शक आधी सिंहाकडे बोट करतो, मग तेच बोट रस्त्यावरून सावकाश आमच्या खिडकीत आणतो. सगळे वर बघतात. मी घास घेतलेला असतो. खाली केशकर्तनालयवाला रोज विचारतो, ‘‘काय काका, आज काय वाढलंत साहेबांना?’’ एका सहलीतील बाई तर ओरडल्या, ‘‘अहो आजी, किती वेळ हात पसरून उभाय तो, वाढा की त्याला!’’ पत्नी त्याच क्षणी ताट घेऊन उठली ती आतल्या, शिलाई मशीनच्या खोलीत गेली. अजून तिथेच जेवते.

७. टेबल हलवावे, ही आपली सूचना मिळाली. ते सुताराने खोलीतच जोडले आहे. दारातून टेबल निघत नाही आणि सुतार आता हयात नाही. मी पडदा लावला. त्यावर आपली नोटीस आली, की पडद्यामुळे मानचिन्हाच्या दृष्टिपथात अडथळा येतो व फलकावरील मजकूर खोटा पडतो. पडदा काढला. नंतर एक दिवस पत्नीला समजावून टेबलाशी आणले आणि जागा बदलून सिंहाकडे पाठ करून बसवले. ताट घेऊन पुन्हा आत जाताना ती म्हणाली, ‘‘समोरून बघत होता तेव्हा निदान कळत तरी होतं कुठे बघतोय ते.’’

८. सध्या मी पहिली पोळी टेबलाशी खातो, दुसरी हातात घेऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जातो, तिथे उभा राहतो, आणि पुन्हा परत येतो, कारण आमटी टेबलावर असते. ती म्हणते, ‘‘एका जागी बसा नाहीतर ठसका लागेल.’’ बसायचे कोणत्या जागी, हे ती सांगत नाही. इतकी वर्षे आमची भांडणे त्याच टेबलाशी मिटत आली. आता मिटवायला जागा नसल्याने ती नुसती साठत आहेत. रात्री मी उठून खिडकीशी जातो. सिंह जागाच असतो.

९. काल फलकाची तिसरी आवृत्ती लागली: ‘‘पसरलेले पंजे नागरिकांकडून सहकार्याची अपेक्षा दर्शवतात.’’ म्हणजे सहकार्य आम्हीच करायचे, हे अधिकृत झाले. मी वरिष्ठांकडे जाणार होतो, वृत्तपत्राला कळवणार होतो, पायरीवर उपोषणाला बसण्याचाही विचार होता. पण पत्नी म्हणाली, ‘‘उपोषण कसलं करताय, आधी नीट जेवत जा.’’ त्यामुळे सिंह फिरवण्याची, दाखला रद्द करण्याची व फलक काढण्याची मागणी मी याद्वारे मागे घेत आहे.

१०. विनंती एवढीच, की रोज दुपारी आम्ही जेवतो तेवढ्या वेळापुरते सिंहाच्या डोक्यावर एक गोणपाट टाकण्यात यावे. त्या वेळी आपले कार्यालयही जेवायला गेलेले असते, त्यामुळे अर्थाची कोणाला गरज पडणार नाही. गोणपाट आम्ही देऊ.

आपल्या होकाराकडे (व नाइलाजाने सिंहाकडे) डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
निवृत्त चष्मेवाला,
पत्ता फलकावर नमूद आहे.

दिनांक: फलक बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी.

सोबत:
१) लग्नाचा फोटो (पाहून परत करावा, पत्नीला ठाऊक नाही).
२) गोणपाट, एक. धुतलेले आहे.