जोडीचं घड्याळ

२६ एप्रिल १९८७, डोंबिवली

आले एकदाची सासरी. लग्न फेब्रुवारीत झालं, वीस दिवसांत नवरा मस्कतला उडाला, आणि सासरच्यांना जागा मिळेपर्यंत मी टिटवाळ्याला माहेरी बसून होते. आता मानपाडा रोडला दोन खोल्या मिळाल्यात. नळ घरात आहे, गॅलरीत ऊन येतं. सासूबाई बोलायला कमी, पण आल्या आल्या पुरणपोळी वाढली. सहदेवभावजी, म्हणजे धाकटे दीर, एमआयडीसीत कामाला आहेत.

नवऱ्याचं नाव शिवराम. चारचौघांत 'हे' म्हणायचं, पण वहीत कोण बघायला येतंय, शिवरामच लिहिणार.

त्याने मित्राच्या हाती मला डिजिटल घड्याळ पाठवलंय. दोन वेळा दिसतात, एक इथली आणि एक मस्कतची, दीड तास मागे. गजराला गाणं वाजतं. तापमान दिसतं. खालच्या चकतीवर बोट ठेवलं की नाडीसुद्धा मोजतं. जोडीतलं दुसरं त्याच्या हातात आहे, असं चिठ्ठीत लिहिलंय. माहितीचं पुस्तक जपानीत, त्यामुळे बटणं दाबून दाबून शिकायचं.

३ मे

घड्याळ वेडं आहे. दुपारी दोनला तापमान दाखवलं चव्वेचाळीस. डोंबिवलीत उकडतं, पण एवढं नाही. काढून फडताळावर ठेवलं, तर कुणाचं बोट नसताना नाडी दाखवायला लागलं, शहाण्णव. भावजी म्हणाले, वहिनी, फडताळाला ताप आलाय. मी रागाने त्यांना चहा दिला नाही. मग दिला.

शिवरामला सगळं लिहून पत्र टाकलं.

२४ मे

पत्राचं उत्तर आलं. मी तीनदा वाचलं. तीन तारखेला त्या वेळी तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर वेल्डिंग करत होता, आणि त्याच्या घड्याळात चव्वेचाळीसच होते. लिहितो, म्हणजे माझं काळीज तुझ्याकडे आलंय, सांभाळ.

चावट आहे. पण खरंच की, मला तो दिसतो. सकाळी उठतो तेव्हा ठोके वाढतात, जेवून पडला की साठच्या खाली येतात. भाजी चिरताना समोर घड्याळ असतं. वीस दिवसांचा संसार झालेल्या बाईने आणखी काय मागावं. मी कुणाला सांगितलं नाही. हसतील.

२९ मे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. ठोके एकदम दीडशेच्या वर गेले. मग आकडा गेला, नुसत्या दोन रेघा राहिल्या.

त्याने घड्याळ काढून ठेवलं असेल. भावजी म्हणतात सेल गेला. मग बाकीचं कसं चालतंय, ते त्यांनी सांगावं.

१ जून

तापमान चार. इथे घामाने पदर भिजतोय आणि घड्याळात चार.

काल भावजी अर्ध्या दिवसात घरी आले. सासूबाई जेवल्या नाहीत, पित्त झालंय म्हणाल्या. मी गॅलरीत गेले की शेजारणी आत जातात. मी काय कुणाचं घोडं मारलंय?

११ जून, वटपौर्णिमा

लग्नानंतरची पहिली. सासूबाई म्हणाल्या, यंदा राहू दे, तुझ्या अंगात कणकण आहे. मला कसली कणकण? मी फाडकन बोलले, की तुम्हाला मुलाचं आयुष्य नको असेल, मला माझा नवरा हवाय. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

शालू नेसून गेले. समोरच्या दगडाबाईंनी माझं वाण घेतलं नाही. पदर सावरत बाजूला झाल्या. गेल्या उडत. सात फेरे घातले, दोरा गुंडाळला. सगळ्या सात जन्म मागतात. मी म्हटलं, पुढचे सहा नकोत, याच जन्मात त्याला घरी आण.

सातवा फेरा संपला आणि रेघा गेल्या. नाडी आठ.

१२ जून

भावजींनी सांगितलं. मी ओरडून ओरडून विचारलं म्हणून.

शिवराम एकोणतीसला परांचीवरून पडला. जागीच गेला. एकतीसला तार आली. तिकडे त्याला बर्फात ठेवलंय, पेटी यायला कागदपत्रांपायी दिवस लागतात, तोवर बायकोला सांगायचं नाही, कुंकू राहू द्यायचं, अशी आपल्याकडे रीत आहे म्हणे. अख्ख्या चाळीला माहीत होतं. वडाला फेरे घालणारी मी एकटी माठ. कसली माया ही? मेलेल्या नवऱ्याचं आयुष्य मागू दिलंत मला.

मी घड्याळ दाखवलं. नाडी एकवीस, तापमान चार. भावजी म्हणाले, बिघडलंय, इकडे द्या, फेकतो. दिलं नाही.

१६ जून

अडतीस. रोज वाढतेय. तापमान चारच.

घड्याळ पिठाच्या डब्यात ठेवलं. मग परत काढलं. हेच मागितलं होतं ना मी—

२० जून, सकाळ

भावजी विमानतळावर गेलेत. मस्कतची वेळ पहाटेपासून पुढे धावतेय. आता दोन्ही वेळा सारख्या आहेत.

तो आलाय.

२० जून, दुपार

पेटी खाली अंगणात आहे. खिळे ठोकलेली. सामान वेगळं आलं, त्यात घड्याळ नाही. हातातच राहिलं असेल, भावजी म्हणाले. बावीस दिवस झालेत, पेटी उघडायची नाही, पेटीसकटच नेऊ.

नाडी बहात्तर. तापमान नऊ.

मी पेटीजवळ बसले होते. एक शब्द बोलले असते तर— भावजींनी उघडली असती. माझ्यासाठी उघडली असती. पण आतून काय उठून बसलं असतं? बावीस दिवसांचं—

भीती वाटली मला. माझ्या नवऱ्याची. मी गप्प बसले.

नेलं.

पावणेचार

बायका स्मशानात जात नाहीत. सगळ्या माझ्याभोवती बसल्यात. बांगड्यांसाठी थांबल्यात. मी म्हटलं, एवढं लिहू द्या.

तापमान एकतीस. नाडी एकशेदहा. त्याला कळलंय.

चार वाजता

सांगितलं मी. त्याला चितेवरून काढा, कुणीतरी धावत जा, म्हणून ओरडले. सासूबाईंनी मला पोटाशी धरलं. म्हणतात, रड बाई, रडून घे. कुणी उठत नाही—

अठ्ठेचाळीस. नाडी एकशेचाळीस.

दगडाबाई मनगट ओढतायत. घड्याळ काढायचंय त्यांना—

चौसष्ट. अजून चालू आहे. शिवराम, अजून—